मिल्टनबर्गर की डोमजन: आठ महिन्यांच्या वापरानंतर

गोव्यातील डिचोली तालुक्यातल्या एका मराठी प्राथमिक शाळेत मी चौथीचा वर्ग घेते. मुलांच्या वर्तनाविषयी अंदाजाने बोलण्याऐवजी काही शास्त्रशुद्ध वाचावे, म्हणून गेल्या जूनमध्ये दोन पाठ्यपुस्तके घेतली: रेमंड मिल्टनबर्गर यांचे ‘बिहेवियर मॉडिफिकेशन’ आणि मायकेल डोमजन यांचे ‘द प्रिन्सिपल्स ऑफ लर्निंग अँड बिहेवियर’.

मिल्टनबर्गर वर्तन बदलण्याआधी ते मोजायला लावतात. वर्गातला एक मुलगा हात वर न करता ‘बाई, बाई’ असे ओरडत असे. हजेरीपटाजवळच्या वहीत आठवडाभर पेन्सिलीने रेघा मारल्या, तेव्हा ध्यानात आले की तो ओरडला की मी लगेच त्याच्याकडे वळते आणि हात वर केला तर बहुधा माझे लक्षच नसते. म्हणजे ओरडण्याचे प्रबलन (वर्तनाला बळ देणारा प्रतिसाद) मीच करीत होते. मग ओरडण्याकडे लक्ष देणे थांबवले आणि हात वर होताच त्याचे नाव घेऊ लागले. पहिले तीन दिवस ओरडणे उलट दुपटीने वाढले. विलोपनाच्या, म्हणजे वर्तनाला मिळणारा प्रतिसाद बंद करण्याच्या, आरंभी असा उद्रेक होऊ शकतो, हे आधी वाचले नसते तर मी माघार घेतली असती, आणि अधूनमधून मिळणाऱ्या प्रतिसादाने तीच सवय अधिक चिवट झाली असती.

गणेश चवथीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली आणि पहिल्याच दिवशी ‘बाई, बाई’ पुन्हा ऐकू आले. थांबलेल्या वर्तनाची अशी पुनःप्राप्ती होते, म्हणजे ते काही काळाने परत येते, एवढे मिल्टनबर्गर सांगतात. ती का होते, हे मला डोमजन यांच्याकडे सापडले. विलोपनाने जुने शिकणे पुसले जात नाही. त्यावर नवे शिकणे चढते आणि ते परिस्थितीशी बांधलेले राहते, हे रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव्ह यांच्यापासूनच्या प्रयोगांतून ते उलगडतात. ते प्रकरण मी दोनदा वाचले आणि त्या मुलावर चिडणे सोडले. दोन घटनांमधला संबंध कसा शिकला जातो हे गणिताने मांडणारे रेस्कोर्ला-वॅगनर यांचे १९७२ चे प्रतिमान मात्र मला फार जड गेले.

शिक्षकांनी एकच पुस्तक विकत घ्यायचे असेल तर मिल्टनबर्गर घ्यावे. मात्र मोठ्या वर्गात एकट्याने इतक्या नोंदी ठेवणे शक्य नसल्याने एका वेळी एकच वर्तन निवडावे. मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी आधी डोमजन वाचावे, आणि अभिसंधानाच्या (संबंध जुळून होणाऱ्या शिकण्याच्या) पायाभूत प्रकरणांसाठी त्याची जुनी आवृत्तीही पुरेशी आहे.