वड, गुलमोहर की शेडनेट? शिबिरासाठी सावली निवडताना

मे महिन्यात मुलांना मैदानावर दहा ते तीन बसवायचं असेल, तर सावली गारव्यावरून निवडू नका. उन्हातले त्वचा भाजणारे अतिनील किरण जाणवत नाहीत. शिवाय ते थेट सूर्याकडूनच येतात असं नाही. हवेत विखुरतात आणि सगळ्या आभाळातून उतरतात; निरभ्र दुपारीही ढोबळमानाने निम्मे असेच येतात.

हिशेब मांडून बघा. पुण्यात मेमधल्या दुपारी अतिनील निर्देशांक (या किरणांची तीव्रता सांगणारा आकडा) 12 धरला, तर साधारण 6 आभाळातून. सावलीच्या कडेला बसलात, सूर्य झाकला, पण अर्धं आभाळ उघडं: 3 उरले. जागतिक आरोग्य संघटना 3 पासूनच काळजी घ्यायला सांगते. म्हणजे कडेची सावली नावापुरतीच.

वडाची गोष्ट निराळी. पानातून हे किरण फारच थोडे आरपार जातात, विस्तार आडवा, आणि उन्हाळ्यातही पानं टिकून. बुंध्याशी पारावर बसून वर बघा: निळं दिसतं ते फक्त खाली, लांब कडेला. आंबा आणि जुनी डेरेदार चिंचही चालतील. फांद्या एकमेकांत शिरलेली दोन झाडं असतील तर सोन्याहून पिवळं.

गुलमोहर फुलला की छायाचित्राला छान. पण तेव्हा पानं विरळ असतात. जमिनीवर हलणारा प्रत्येक कवडसा म्हणजे थेट ऊन, आणि मधल्या फटींतून आभाळ वेगळंच. खोट्या अशोकाची रांग तर विसराच: मेच्या मध्यावर, शून्य सावलीच्या दिवसांत, पुण्या-मुंबईत साडेबाराच्या सुमाराला सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि त्या उभट झाडाची सावली त्याच्याच पायाशी गोळा होते.

शेडनेट विकताना सांगतात तो 50 किंवा 75 टक्के आकडा दिसणाऱ्या प्रकाशाचा. 50 ची एकेरी जाळी डोक्यावर लावून निर्धास्त होऊ नये. भोकांतून अतिनीलही सरळ खाली येतात. घ्यायचीच तर 75 ची, दुहेरी. त्याहून ताडपत्री बरी, फक्त खाली कोंडतं. दोन्हींत नेहमीची चूक एकच: छत मुलांच्या वर्तुळाएवढंच बांधतात. चारी बाजूंनी किमान दोन मीटर जास्त घ्या आणि दुपारनंतर पश्चिमेला पडदा सोडा.

आमची पसंती वडाला. सतरंज्या सावलीच्या कडेपासून दोन-तीन मीटर आत, बुंध्याकडे. सकाळी सावली पश्चिमेला पडते, साडेबारानंतर पूर्वेला सरकते. सतरंज्याही तेव्हाच हलवा, मुलं उन्हात आल्यावर नव्हे.