विमानतळांमधील अंतर सांगणारी संकेतस्थळे: किलोमीटर पक्के, तास मात्र अंदाजाचे

दोन विमानतळांची नावे किंवा त्यांची तीन अक्षरी संकेताक्षरे भरली की त्यांच्यातील हवाई अंतर आणि प्रवासाचा वेळ क्षणात सांगणारी संकेतस्थळे आता बरीच आहेत. बहुतेक ठिकाणी हे दोन्ही आकडे सारख्याच ठळक अक्षरांत शेजारी-शेजारी दिलेले असतात आणि माझा मुख्य आक्षेप त्यालाच आहे, कारण अंतर काटेकोर गणिताने येते, तर वेळ त्या अंतराला एका ठरावीक वेगाने भागून काढलेली असते.

अंतरासाठी ही सेवा खुशाल वापरावी. पृथ्वीच्या पृष्ठभागावरील दोन ठिकाणांमधला सर्वांत जवळचा मार्ग बृहद्वृत्तावरून, म्हणजे पृथ्वीचे दोन समान भाग करणाऱ्या वर्तुळावरून, जातो आणि त्याची लांबी अक्षांश-रेखांशांवरून काढता येते. काही संकेतस्थळे पृथ्वीला ६,३७१ किलोमीटर त्रिज्येचा गोल मानतात, काही तिचा ध्रुवांकडचा चपटेपणाही हिशेबात घेतात. त्यामुळे न्यूयॉर्क ते लंडन हे सुमारे ५,५५० किलोमीटरचे अंतर दोन ठिकाणी दहा-पंधरा किलोमीटरने वेगळे दिसले, तरी बिचकण्याचे कारण नाही. ‘ग्रेट सर्कल मॅपर’ हे जुने संकेतस्थळ मला या कामी विशेष आवडते, कारण ते मार्ग नकाशावर रेखून दाखवते आणि सपाट नकाशावर वाकडी दिसणारी रेषाच प्रत्यक्षात सर्वांत जवळची कशी, हे पाहताक्षणी उमगते.

वेळेचे तसे नाही. सहसा अंतराला ताशी ८०० ते ९०० किलोमीटरने भागतात आणि उड्डाण व उतरण्यासाठी अर्धा तास वाढवतात. या हिशेबाने न्यूयॉर्कहून लंडनला जाताना आणि परत येताना सारखाच वेळ लागायला हवा. पण अटलांटिकवरून पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणाऱ्या जेट प्रवाहामुळे, म्हणजे खूप उंचावरच्या वेगवान वाऱ्यामुळे, जाताना साधारण सात तास, तर येताना आठच्या आसपास लागतात. फेब्रुवारी २०२० मध्ये तर एक बोइंग ७४७ अशाच जोरदार वाऱ्याच्या साथीने पाच तासांच्या आत लंडनला पोहोचले होते. शिवाय विमान कंपनीच्या वेळापत्रकातील वेळ गेट सोडल्यापासून पुढच्या गेटवर लागेपर्यंतची असते, तिच्यात धावपट्टीपर्यंतचा संथ प्रवासही येतो.

सर्वांत मोठी उणीव बंद हवाई हद्दींची. हेलसिंकी ते टोकियो हे अंतर सुमारे ७,८०० किलोमीटर आहे आणि वरच्या हिशेबाने साडेनऊ-दहा तासांचा प्रवास दिसतो. २०२२ पूर्वी ते खरेही होते. त्या वर्षी रशियाची हवाई हद्द युरोपीय विमान कंपन्यांना बंद झाल्यापासून फिनलंडच्या विमानांना उत्तरेकडून किंवा दक्षिणेकडून मोठा वळसा घ्यावा लागतो आणि प्रवास तेरा तासांच्या घरात जातो. अशा साध्या संकेतस्थळावरची रेषा मात्र अजूनही सरळ रशियावरूनच जाते. एवढी माहिती वापरणाऱ्यांना देणे मुळीच अवघड नाही. ‘प्रत्यक्ष मार्ग वेगळा असू शकतो’ हे एक वाक्य आणि एका आकड्याऐवजी किमान-कमाल वेळ दिली, तरी पुरे.

तोवर अंतराची तुलना, नकाशा आणि दिशा यांसाठी ही संकेतस्थळे पाहावीत. जोडविमान पकडायचे असेल किंवा कुणाला घ्यायला जायचे असेल, तर जाण्याची आणि येण्याची वेळ विमान कंपनीच्या वेळापत्रकातून वेगवेगळी बघावी.