नेवाडातला फुटलेला टायर आणि बुडालेलं डिपॉझिट

जून 2024 मध्ये आई-बाबा मिरजेहून आमच्याकडे कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटला आले होते. त्यांना पश्चिम अमेरिकेचा मोकळा मुलूख दाखवायचं आम्ही वर्षभर घोकत होतो. रीनोवरून नेवाडात शिरायचं, यूएस 50 हा महामार्ग धरून पूर्वेकडे जायचं, मग युटातलं मोआब आणि पुढे मॉन्युमेंट व्हॅली, असे चौदा दिवस. आईला बाहेरचं खाणं दोन दिवसांच्या वर सोसत नाही. बाबांचे गुडघे दुखतात, रोज नव्या मोटेलात सामान चढवणं-उतरवणं त्यांना जमलं नसतं. म्हणून मोटरहोम, म्हणजे आत पलंग आणि स्वयंपाकाची सोय असलेली गाडी, भाड्याने घ्यायचं ठरलं.

गाडी भाड्याच्या एका साइटवर मिळाली. मालक खाजगी. फोर्ड ई-450 च्या सांगाड्यावर बांधलेली, ड्रायव्हरच्या डोक्यावर पलंग असलेली. दोन-तीन मेसेज झाल्यावर त्याने माझा फोन नंबर मागितला आणि म्हणाला, साइटचं कमिशन आणि विमा मिळून तुमचे सहाशे डॉलर जातील, त्यापेक्षा थेट व्यवहार करू. रोजचे 165 डॉलर धरून 2,310 भाडं आणि 1,500 डिपॉझिट, सगळं झेलवरून, म्हणजे एका बँक खात्यातून थेट दुसऱ्या खात्यात पैसे पाठवायच्या अमेरिकेतल्या सेवेवरून. खात्यावर नाव दुसरंच होतं. बायकोचं खातं आहे म्हणाला. मी पैसे पाठवले.

खरी फसवणूक त्याच क्षणी झाली, म्हणून हे नीट सांगते. साइटवरून बुकिंग केलं असतं तर डिपॉझिट त्याच्या खिशात न जाता साइटकडे राहिलं असतं, गाडीला विमा असता, रस्त्यात बंद पडल्यावर फोन करायला एक नंबर असता. क्रेडिट कार्ड वापरलं असतं तर निदान बँकेकडे तक्रार करता आली असती. झेलचे पैसे तुम्ही स्वतःहून पाठवलेले असतात, ते गेले की गेले. आमच्या कारचा विमा भाड्याच्या मोटरहोमला लागू होत नाही, हेही मला परत आल्यावर एजंटने सांगितलं.

गाडी ताब्यात घ्यायला त्याने सॅक्रामेंटोजवळच्या एका गावातल्या पार्किंगच्या आवारात बोलावलं. दुपारी चारची वेळ दिली आणि आला रात्री साडेआठला. उजेड जात होता. जनरेटर, गॅस, मैल्याची टाकी कशी रिकामी करायची हे त्याने पंधरा मिनिटांत उरकलं. आत सुगंधी फवाऱ्याचा वास भरून राहिला होता.

बाबांनी एसटीच्या डेपोत, वर्कशॉपमध्ये, एकतीस वर्षं काढली आहेत. मागे जोडचाकं, म्हणजे प्रत्येक बाजूला एक आत आणि एक बाहेर असे दोन टायर, दिसल्यावर ते सवयीने वाकायला गेले. "अगं, बाहेरचे टायर नवे दिसतायत. आतले बघू दे, बॅटरी दे जरा." मालक घड्याळ बघत होता, आवाराचं फाटक नऊला बंद होतं म्हणत होता. मी म्हटलं, "बाबा, चला, उशीर होतोय." ते उठले. ते वाक्य मला आजही झोपू देत नाही.

तिसऱ्या दिवशी, शनिवारी दुपारी, नेवाडातलं फॅलन गाव सोडून तासभर झाला होता. फॅलन ते ऑस्टिन हे अंतर सुमारे 110 मैलांचं, म्हणजे पावणेदोनशे किलोमीटर. मध्ये मिडलगेटचा थांबा सोडला तर डोंगराची रांग, मग पांढुरकं सपाट खोरं, मग पुन्हा रांग. फोनला सिग्नल नाही. अशा ठिकाणी मागे बॉम्ब फुटल्यासारखा आवाज झाला. उजवीकडचा आतला टायर फुटून त्याच्या पट्ट्या चाकावरच्या पत्र्यात घुसल्या होत्या, सांडपाण्याचा पाइप तुटून लोंबत होता. स्टेपनी होती, पण जॅक नव्हता.

बाबांनी फाटलेल्या रबरावरची धूळ पुसली आणि आकडा वाचून दाखवला: 3112. टायरवर डीओटी या अक्षरांनी सुरू होणारा एक क्रमांक असतो, त्याचे शेवटचे चार आकडे म्हणजे तो बनला तो आठवडा आणि वर्ष. 2012 चा एकतिसावा आठवडा. बारा वर्षांचा टायर! शेजारच्या बाहेरच्या चाकावर 1123 होतं. दिसणारी चाकं बदलली होती, न दिसणारी तशीच ठेवली होती. उभ्या राहणाऱ्या मोटरहोमच्या टायरची नक्षी शाबूत दिसते, पण रबर उन्हाने आणि वयाने आतून मरतं, हे बाबांनी तिथे रस्त्याकडेला बसून मला समजावलं.

फॅलनकडे निघालेल्या एका पिकअपवाल्याने थांबून आम्हाला पाणी दिलं आणि सिग्नल मिळाल्यावर टोइंगवाल्याला फोन केला. गाडी यायला चार तास लागले. टायरचं दुकान सोमवारीच उघडणार होतं. टोइंग आणि आतले दोन्ही टायर मिळून 1,340 डॉलर झाले. मालक फोनवर म्हणाला, पावती ठेवा, परत आलात की देतो. लेखी द्या म्हटल्यावर उत्तर आलं नाही.

दोन दिवस गेल्यामुळे मोआबजवळच्या आर्चेस राष्ट्रीय उद्यानाची आधी घेतलेली प्रवेशाची वेळ हुकली. तेव्हा दुपारी चारनंतर आरक्षणाशिवाय सोडायचे, म्हणून आम्ही संध्याकाळी गेलो. तांबड्या खडकांवर ऊन उतरताना आई बराच वेळ काही बोललीच नाही. ते तरी मिळालं.

परत दिल्यावर तीन दिवसांनी त्याचा मेसेज आला. फुटलेल्या टायरने मोडलेला पत्रा आणि पाइप आमच्या निष्काळजीपणात धरला होता. शिवाय वरच्या पलंगामागचा ओलीचा डाग. डिपॉझिट जप्त आणि वर आणखी 2,200 डॉलरची मागणी. पहिल्या रात्री आईने चादर बदलताना गादीखालचा तो डाग बघितला होता आणि मी वेळेसकट फोटो काढला होता. तो फोटो आणि टायरच्या आकड्यांचे फोटो पाठवल्यावर 2,200 ची मागणी थांबली. डिपॉझिट आणि टायरचे पैसे आजपर्यंत मिळाले नाहीत. बँकेने हात वर केले. साइट म्हणाली, हे बुकिंग आमच्याकडचं नाही. कॅलिफोर्नियात 12,500 डॉलरपर्यंतचा दावा वकिलाशिवाय स्मॉल क्लेम्स या छोट्या दाव्यांच्या कोर्टात लावता येतो, पण कागद बजावायला समोरच्याचं खरं नाव आणि पत्ता लागतो. माझ्याकडे एक पार्किंगचं आवार होतं.

तुमच्यापैकी कुणाचं असं बोलणं चालू असेल तर गाडी उजेडात घ्या, गाद्या उचलून बघा, मालकाचं लायसन्स आणि गाडीची नोंदणी एकाच नावावर आहे का ते तपासा. फोनची बॅटरी लावून जोडचाकांच्या मध्ये कॅमेरा घाला आणि चारही मागच्या टायरांचे आकडे टिपा. आतल्या टायरचा आकडा कधी कधी पलीकडच्या बाजूला असतो, तेव्हा गाडीखालून बघावं लागतं. तो घाई करत असेल तरी बघा.

मागच्या महिन्यात तीच गाडी दुसऱ्या साइटवर, वेगळ्या नावाने पुन्हा दिसली. मागच्या काचेवरच्या तड्यावरून बाबांनी ओळखली. फोटो बाजूने काढलेला आहे आणि त्यात बाहेरची चाकं चकाकतायत.