86 शेतकऱ्यांचे 200 झाले आणि मी गप्प बसले

नाव टाकत नाही, लाज वाटते. तासिका तत्त्वावर का होईना, सांगलीत एम.ए.च्या मुलांना संशोधन पद्धती शिकवते मी. 'नमुना म्हणजे काय' हे फळ्यावर लिहिणारी बाई पैसे घेऊन पीएच.डी.चं काम करून देणाऱ्या माणसाच्या नादी लागली, हे घरीसुद्धा सगळं सांगितलेलं नाही.

एकूण 40,500 रुपये गेले. नोंदणीचे 2,000, डेटा अ‍ॅनालिसिसचे 9,500, दोन पेपरचे 7,000 प्रमाणे 14,000, प्लॅजिअरिझम, म्हणजे दुसऱ्याचं उचललेलं लिखाण, 'काढण्याचे' 12,000 आणि शेवटी कसल्याशा प्रमाणपत्राचे 3,000. पहिले 11,500 रोख, पावती नाही. उरलेले 29,000 यूपीआयवर, आणि त्या खात्यावरचं नाव त्या माणसाचं नव्हतंच. आमचं मानधन चार-चार महिने अडकतं, तेव्हा हा आकडा माझ्यासाठी केवढा ते तासिकावाल्यांना सांगायला नको.

पीएच.डी.चा विषय तासगाव तालुक्यातले द्राक्ष बागायतदार आणि त्यांचं कर्ज. दोन वर्षं रविवारी एसटीने सावळज आणि आसपासची गावं फिरले. ऑक्टोबर छाटणीला माणूस हाताला लागत नाही, फवारणीच्या दिवसांत बोलत नाही, बेदाणा शेडवरच गाठावा लागतो. असे 86 फॉर्म भरले. त्यातल्या 31 जणांनी सावकारी कर्जाचा रकाना कोराच ठेवला. साहजिक आहे, परक्या बाईला कोण सांगेल?

ओळखीतल्या एकीने सांगलीच्या विश्रामबागेतला त्या माणसाचा गाळा दाखवला. सगळे त्याला 'सर' म्हणायचे. सर गोड बोलायचे. त्यांनी आठ दिवसांत तक्ते दिले. पहिल्याच तक्त्याखाली 'एन = 200', म्हणजे नमुन्यात 200 शेतकरी.

इथेच उठायला हवं होतं. मी विचारलं, "सर, माझे तर 86 आहेत." ते हसले. "मॅडम, 86 वर कोण विश्वास ठेवतं? राउंड फिगर केलीय." पुढे बघते तर सावकारी कर्जाच्या रकान्यात एकही जागा कोरी नाही. 200 च्या 200 जणांनी सावकाराचं नाव सोडून सगळं सांगून टाकलेलं! जन्माला न आलेले 114 शेतकरी, आणि तेच सगळ्यात प्रामाणिक. माझ्या 31 कोऱ्या जागाही त्याने भरून टाकल्या होत्या. मला कळलं नाही असं नाही. कळलं, पोटात गोळा आला, आणि मी तक्ते पिशवीत घालून घरी आले. सासूबाई आजारी, नोंदणीची सहा वर्षं संपत आलेली, मार्गदर्शक फोन उचलत नाहीत. (बायकांना दोन वर्षं वाढीव मागता येतात, हे मला नंतर एका शिपायाकडून कळलं. तुम्ही आधी अर्ज करा.) त्या दिवशी गप्प बसले म्हणून पुढचे 29,000 गेले, असं आता वाटतं. माणूस एकदा खोट्यात सामील झाला की घासाघीस करायलाही तोंड राहत नाही.

पेपरचं ऐका. एप्रिल 2025 मध्ये त्याने 'केअर लिस्टेड', म्हणजे यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) मान्य नियतकालिकांच्या यादीतलं, म्हणून पैसे घेतले. यूजीसीने ती यादी फेब्रुवारीतच बंद केली होती! संध्याकाळी सातला पेपर पाठवला, दुसऱ्या दिवशी अकराला स्वीकृतीपत्र. तज्ज्ञांनी रात्री झोपेत वाचला असावा. आयएसएसएन, म्हणजे नियतकालिकाचा ओळख क्रमांक, खरा होता, नियतकालिकाचं नावही खरं, वेबसाइट मात्र नकली. तो क्रमांक म्हणजे गाडीची नंबरप्लेट, त्यावरून इंजिन कळत नाही आणि प्लेट चोरताही येते. ग्रंथालयात त्या त्रैमासिकाचा जुना छापील अंक सापडला, त्यावरच्या पत्त्यावर मेल केला. संपादकांचं दोन ओळींचं उत्तर आलं: आम्ही पैसे घेत नाही, तुमचा पेपर आमच्याकडे आलेला नाही. नकली साइटवर एका महिन्यात होमिओपॅथीपासून पंचायत राजपर्यंत 140 पेपर होते. हे मी आधी का मोजले नाहीत? आणि मुळात 2022 च्या यूजीसी नियमावलीत प्रबंधाआधी पेपर छापण्याची सक्तीच उरलेली नाही. तुमच्या विद्यापीठाचं काय ते लेखी विचारा, कँटीनमध्ये नको.

प्लॅजिअरिझमचा त्याने दिलेला रिपोर्ट 7 टक्के. ग्रंथालयातल्या सॉफ्टवेअरने दाखवले 43. दुसरं प्रकरण त्याने शोधगंगेवरच्या (तिथे पीएच.डी.चे प्रबंध ऑनलाइन ठेवतात) कुणाच्या तरी प्रबंधातून उचलून, मधूनमधून शब्द बदलून डकवलं होतं. 'क्रॉप लोन'चं 'हार्वेस्ट बॉरोइंग' केलेलं. यूजीसीच्या 2018 च्या प्लॅजिअरिझमच्या नियमांत 10 टक्क्यांपर्यंत माफी आहे. 40 ते 60 मध्ये सापडलं की वर्षभर सुधारित प्रबंध देता येत नाही, 60 च्या वर नोंदणीच रद्द. मी सादर करण्याआधी तपासून घेतलं म्हणून वाचले. असा घरी काढलेला रिपोर्ट कुणाचाही मानू नका.

आता दाद मागायची तर कुठे? पोलिसांत गेले. साहेब म्हणाले, "तुम्ही मर्जीने पैसे दिलेत, काम करून मिळालंय, यात फसवणूक कुठली? ग्राहक मंचात जा." वर हळूच, "मॅडम, पैसे देऊन पीएच.डी. करायचीच कशाला?" शेजारचे दोघे हसले. सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनला फोन केला तेव्हा पाच महिने उलटून गेले होते. तिथे पहिल्या काही तासांत फोन केला तरच पैसे वाटेत अडवता येतात. बँकेने सांगितलं, व्यवहार तुमच्याच पिनने झालाय. विद्यापीठात तीन खिडक्या फिरले. पहिली म्हणाली दुसरीकडे जा, दुसरीवर साहेब जेवायला गेलेले, तिसऱ्या खिडकीवरच्या बाबूने अर्ज पूर्ण वाचला आणि परत माझ्या हातात ठेवला. "हे लेखी दिलंत तर पहिली चौकशी तुमची लागेल. 200 चा तक्ता कुणी स्वीकारला?" त्याच्या बोलण्यात चूक काढता आली नाही, म्हणून जास्त राग आला. त्या गाळ्याबद्दल सगळ्यांना माहीत आहे, सगळे चहा पितात, आणि चौकशी विद्यार्थ्याची! मार्गदर्शकांचं म्हणणं एवढंच, "मला यात ओढू नका."

एक गोष्ट पैशांपेक्षा जास्त लागली. 86 जणांची एक्सेल फाइल मी जशीच्या तशी त्याला दिली होती, नावं आणि मोबाइल नंबरांसकट. नावाऐवजी क्रमांक घालावा, हे मीच वर्गात शिकवते. दिवाळीनंतर सावळजच्या एका काकांचा फोन आला. कर्ज देतो म्हणून त्यांना रोज कुणीतरी फोन करतंय. माझ्याच फाइलमधून नंबर गेला याचा पुरावा माझ्याकडे नाही. काका रागावलेही नाहीत. "ताई, नाव कुठं जाणार न्हाई म्हणाला हुता न्हवं?" एवढंच विचारलं.

गेल्या रविवारी तासगावच्या एसटीत बसले. 86 चे फॉर्म पिशवीत होते. काकांच्या दारापर्यंत गेले, ते शेडवर होते. मी वाट बघत ओट्यावर बसले.