वर्डप्रेस : पेठेतल्या वाचनालयासाठी दीड वर्ष वापरल्यावर

आधीच सांगतो, मी कॉम्प्युटरवाला नाही. माझं कोल्हापुरात शाहूपुरीत स्टेशनरीचं दुकान आहे आणि आमच्या वाचनालयाच्या कार्यकारी मंडळात मी सगळ्यात लहान, म्हणजे 44 वर्षांचा, त्यामुळं ‘वेबसाइट नवीन करणे’ हा ठराव पास झाला तेव्हा सगळ्यांनी एकदम माझ्याकडं बघितलं आणि विषय संपला.

जुनी साइट 2011 ची. वर सरकती पट्टी, खाली व्हिजिटर काउंटर, आणि सूचना म्हणजे वर्डमध्ये टाइप करून काढलेला फोटो. बदल करायचा तर साइट बनवणाऱ्या पोराला फोन लावायचा, तो ‘करतो की सर संध्याकाळपर्यंत’ म्हणायचा आणि ती संध्याकाळ पंधरा दिवसांनी उगवायची. दिवाळी अंकांची योजना आमच्या साइटवर होळीला लागलेली मी स्वतः बघितलीय. नंतर कळलं की डोमेनपण (साइटचं नाव-पत्ता) त्यानं स्वतःच्याच ईमेलवर घेतलेलं, ते सोडवून घेण्यात दोन महिने गेले. आणि बॅकअप होता ऑफिसच्या कॉम्प्युटरमध्ये, जो 2019 च्या महापुरात टेबलासकट पाण्यात गेला.

म्हणून ह्यावेळी ठरवलं की असलं काहीतरी घ्यायचं जे आमचं आम्हाला चालवता येईल. एकानं ड्रुपल हे साइट बनवायचं-चालवायचं सॉफ्टवेअर सुचवलं, तीन दिवस बघितलं, दणकट आहे पण आमच्यासारख्यांना ते म्हणजे सायकलीला ट्रकचं इंजिन. शेवटी वर्डप्रेस, कामाला तसलंच पण सोपं. 2003 पासून आहे, मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल ह्या दोघांनी चालू केलेलं, ओपन सोर्स आहे, म्हणजे कोणीपण घेऊन वापरावं, बदलावं, आणि अडलं की विचारायला जगात कोणतरी जागं असतंच. फुकट आहे म्हणतात ते सॉफ्टवेअरपुरतं हं, डोमेन आणि होस्टिंगला (साइट ठेवायच्या जागेला) दरवर्षी पैसे जातात, हे खजिनदारांना मला तीनदा समजवायला लागलं. त्यातच वर्डप्रेस डॉट कॉम वेगळं आणि डॉट ऑर्ग वेगळं. कॉमवर कंपनीचे लोक साइट सांभाळतात आणि प्लॅनप्रमाणे पैसे घेतात, ऑर्गवरनं सॉफ्टवेअर घेऊन आपल्या होस्टिंगवर आपणच टाकायचं. मी पहिला आठवडा एकाचं शिकत होतो आणि बसवलं होतं दुसरंच.

शिकताना पहिली ठेच पोस्ट आणि पेज. दोन्हीकडं लिहायचीच जागा, मग दोन कशाला? आमच्या शिपाईमामांनी सोडवलं हे. ते म्हणाले, दारावरची पाटी वेगळी आणि फळ्यावरची सूचना वेगळी, पाटी कोण रोज पुसतंय का? झालं. वेळ, पत्ता, इतिहास, नियम हे पेज, आणि स्पर्धा, सुट्टी, नवीन पुस्तकं हे पोस्ट. कॅटेगरी-टॅगचा घोळ मात्र ग्रंथपाल मॅडमना झालाच नाही, तीस वर्षं ड्युई दशांशावर पुस्तकं लावणाऱ्या बाईला आपण काय वर्गीकरण शिकवणार, कॅटेगरी म्हणजे कपाट आणि टॅग म्हणजे सूचीतलं कार्ड असं त्यांनीच मला सांगितलं.

दुसरी ठेच यूट्यूबची. वर्डप्रेसचा ब्लॉक एडिटर आला डिसेंबर 2018 मध्ये, 5.0 आवृत्तीबरोबर, म्हणजे प्रत्येक परिच्छेद, फोटो, मथळा हा सुटा ठोकळा. त्याच्या आधीचे व्हिडिओ अजून तिथंच आहेत आणि त्यातला माणूस सांगतोय ‘अपिअरन्समध्ये जाऊन कस्टमाइझ दाबा’, आणि आमच्याकडं ते बटणच नाही! मी दोन रात्री बटण हुडकत होतो. कारण आम्ही घेतलेली ट्वेंटी ट्वेंटी फोर ही ब्लॉक थीम (थीम म्हणजे साइटच्या दिसण्याचा साचा, हा ठोकळ्यांचा), तिच्यात कस्टमाइझ दिसत नाही, सगळं ‘एडिटर’मध्ये असतं. त्यामुळं व्हिडिओ बघायच्या आधी तारीख बघा, 2022 च्या आधीचा असेल तर सोडून द्या. आणि खरं तर शिकायचं असेल तर वर्डप्रेस प्लेग्राउंडवर शिका, ब्राउझरमध्येच अख्खं वर्डप्रेस उघडतंय, होस्टिंग लागत नाही, कायपण मोडा-तोडा, टॅब बंद केला की गेलं. हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर वाचनालयाचं होमपेज मी दोनदा कोरं केलं नसतं.

आता मराठीचं बघा, कारण हे कुठल्याच व्हिडिओत सांगत नाहीत. तालमीत गेल्या गेल्या पोराला कुस्ती खेळायला देत नाहीत, आधी हौद्याची माती उकरायला लावतात, तसं आमचे पहिले दोन महिने वर्डप्रेस शिकण्यात नाही तर जुना मजकूर उकरण्यात गेले. सगळं जुन्या, युनिकोड (सगळ्या कॉम्प्युटरना कळणारी अक्षरपद्धत) नसलेल्या फॉन्टमधलं. कॉपी-पेस्ट केलं की नुसता इंग्रजी अक्षरांचा चिवडा. कन्व्हर्टर लावला तर ‘कार्यक्रम’ चा ‘कायर्क्रम’ झाला, ‘शिवाजी’ ची पहिली वेलांटी ‘श’ ला सोडून पुढं जाऊन बसली. मॅडम आणि मी रोज संध्याकाळी सहा ते आठ बसून एकेक ओळ वाचायचो, त्या मोठ्यानं वाचायच्या आणि मी दुरुस्त करायचो, मध्येच एखाद्या 2013 च्या व्याख्यानाची आठवण निघाली की अर्धा तास तिकडंच.

मग अक्षरांचं. थीमच्या मथळ्याला अक्षरांमधलं अंतर थोडं ताणलेलं असतं, इंग्रजीला ते दिसतंय छान, पण मराठीत शिरोरेषाच तुटते, वाचनालयाचं नाव बघितलं तर प्रत्येक अक्षर दुसऱ्याशी भांडून लांब उभं राहिल्यासारखं. ओळींमधलं अंतरपण कमी, त्यामुळं ‘र्कीं’ सारखी भरलेली अक्षरं वरच्या ओळीत घुसत होती. उपाय सोपा निघाला, स्टाइल्समध्ये लेटर स्पेसिंग शून्य, लाइन हाइट वाढवायची, आणि एप्रिल 2024 च्या 6.5 आवृत्तीपासून फॉन्ट लायब्ररी आलीय, तिच्यातनं मुक्ता फॉन्ट घातला. तेवढ्यात साइट माणसात आली.

पण सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते लिंकनं. पोस्टचं शीर्षक मराठीत लिहिलं की लिंकपण मराठीतच बनते, आणि ती व्हॉट्सअॅपवर टाकली की टक्क्याच्या खुणा आणि आकडे ह्यांची मालगाडी. त्याच्यात अजून एक आहे. वर्डप्रेस ह्या लिंकच्या नावाला 200 कॅरेक्टर देतं आणि मराठीचं एक अक्षर, काना-मात्रा-हलन्त सुटे धरून, त्या टक्क्यांच्या भाषेत 9 कॅरेक्टर खातं. भागाकार करा, 22 येतात. म्हणजे ‘शाहू जयंतीनिमित्त आंतरशालेय वक्तृत्व स्पर्धा’ ह्यातली स्पर्धा लिंकमध्ये पोचतच नाही, ‘आंतरशालेय’ पूर्ण व्हायच्या आतच डबा तुटतोय. दोष कोणाचा नाही, पण माहीत पाहिजे. आता आमचा नियम, शीर्षक मराठीत लिहायचं आणि स्लगच्या (लिंकमधल्या नावाच्या) रकान्यात रोमन अक्षरांत दोन-तीन शब्द हातानं टाकायचे, ते पण पब्लिश करायच्या आधी. नंतर बदललं तर आधी पाठवलेल्या लिंकचं काय होईल ह्याचा भरवसा नको. आमच्या सभासद कार्डांवर जुन्या पत्त्याचा क्यूआर कोड छापलेला आहे, दोन हजार कार्डं, तेवढ्यासाठी जुन्या पानावरनं नव्या पानावर 301 रीडायरेक्ट लावायला शिकलो, नाहीतर कार्डं परत छापा म्हणलं असतं तर मंडळानं मलाच छापलं असतं.

बाकी बारीकसारीक पटापट सांगतो. इंग्रजीतनं इन्स्टॉल केलं की घड्याळ यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) असतं, ते कोलकाता निवडून बदला, नाहीतर सकाळी 8 ला लावून ठेवलेली सूचना दुपारी दीडला निघते, आमची निघाली. वार्षिक अहवालाची पीडीएफ 38 एमबीची, होस्टिंगची मर्यादा 2 एमबी, ती सीपॅनलमधनं (होस्टिंगच्या सेटिंगच्या पानावरनं) वाढवून मिळते, पण त्याआधी स्कॅनिंग नीट करा, 4 एमबीत बसतंय, मग थोडीच वाढवायला लागते. अॅडमिनची, म्हणजे आत काम करायची, पानं मराठीत करता येतात, आणि 2016 पासून प्रत्येकाला आपापल्या प्रोफाइलमध्ये भाषा निवडता येते, मॅडमचं मराठीत आहे आणि माझं इंग्रजीत. डिलीट केलेलं 30 दिवस ट्रॅशमध्ये राहतं, ह्या एका गोष्टीनं माझी झोप वाचवलीय.

आणि हो, रोल, म्हणजे कोणाला काय करायची परवानगी. संस्थेत सॉफ्टवेअर घालायचं म्हणजे माणसं घालायची. मी आधी मॅडमना कॉन्ट्रिब्युटर केलं, म्हटलं त्या लिहितील, मी तपासून पब्लिश करीन. दुपारी दुकानात गिऱ्हाईक असताना फोन, ‘अहो, फोटोच चढत नाही.’ नेट बघितलं, फोटो बारीक केला, ब्राउझर बदलला, सगळं केलं. संध्याकाळी कळलं की कॉन्ट्रिब्युटरला फोटो अपलोड करायची परवानगीच नसते! ऑथर केल्यावर चालू. खरं तर परवानगीचं सोडा, तीस वर्षं वाचनालय सांभाळणाऱ्या बाईचं लिहिलेलं तपासणारा मी कोण, हे मला तेव्हाच सुचायला पाहिजे होतं. सेक्रेटरी अण्णांचं वेगळंच. त्यांना अॅडमिन पाहिजे, कारण ते सेक्रेटरी. आता अॅडमिन म्हणजे प्लगिन (वरनं जोडायचे सुटे भाग) काढणं-घालणं सगळं हातात, आणि एक फुकटचं स्लायडरचं प्लगिन घालून अख्खी साइट पांढरीफेक करायचा पराक्रम मी स्वतः केलेला, मग अण्णांच्या हातात कसं द्यायचं? त्यांना एडिटर केलं आणि सांगितलं, अण्णा, तुम्ही संपादक. खूश. परवा लेटरहेडवर छापायचं का विचारत होते.

मार्क द्यायचे तर पाचातले चार. एक कापला तो अपडेटमुळं. वर्डप्रेस, थीम, प्लगिन, प्रत्येकाचा लाल आकडा डोक्यावर, आधी बॅकअप घ्या, मग अपडेट करा, मग सगळी पानं उघडून बघा, हे महिन्यातनं एकदा तरी बसून करायला लागतंय आणि ते करणारा माणूस नसेल तर घेऊ नका. ज्यांची साइट म्हणजे नाव, पत्ता आणि दोन फोटो, वर्षातनं एकदा हात लागणार, त्यांनी ह्या भानगडीत पडायचं काहीच कारण नाही, साधं एक पान करून घ्या. आठवड्याला एक तरी सूचना निघत असेल तर मात्र बिनधास्त घ्या.

26 जून 2024, शाहू जयंतीला साइट चालू केली आणि महिन्याच्या आत पंचगंगा चढायला लागली. राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट इशारा, 43 धोका, आणि पाणी 43 च्या वर. 2019 चं बघितलेली माणसं आम्ही, मी दुकानातला माल माळ्यावर चढवत होतो, वाचनालय डोक्यातपण नव्हतं. रात्री सव्वानऊला फोन वाजला, आमचेच एक सभासद, ‘काय हे, पूर आलाय आणि तुम्ही दंड घेताय होय?’ साइट उघडली तर मॅडमनी घरनं मोबाइलवरनं सूचना टाकलेली, ‘पूरपरिस्थितीमुळे वाचनालय बंद राहील, पुस्तके उशिरा परत केल्यास दंड आकारला जाईल.’ ‘नाही’ राहिलेलं! मॅडमना फोन लावला, पलीकडनं पावसाचा आवाज आणि त्या म्हणाल्या, ‘कवाच केलंय दुरुस्त, तुम्ही रिफ्रेश करा की.’ नंतर रिव्हिजनमध्ये (साइटनं ठेवलेल्या जुन्या प्रतींत) बघितलं, पहिली 9.11 ची, दुसरी 9.13 ची.