रबाळेचा प्लांट की महापेचं डिझाइन ऑफिस?

आमच्या ऐरोलीच्या सोसायटीतली एक मुलगी गेल्या रविवारी दोन ऑफर लेटर घेऊन घरी आली. केमिकल इंजिनियर, दोन वर्षांचा अनुभव. एक पत्र रबाळे एमआयडीसीतल्या प्लांटचं, प्रॉडक्शन इंजिनियर म्हणून. दुसरं महापेच्या डिझाइन कंपनीचं, प्रोसेस इंजिनियर म्हणून, म्हणजे असे प्लांट कागदावर आखायला. "काकू, तुम्ही दोन्हीकडे काम केलंय, कुठे जाऊ ते सांगा." मी आधी प्लांटला होते आणि आता डिझाइनमध्ये आहे. तिच्याशी जे बोलले तेच इथे लिहिते, कारण ठाणे-बेलापूर पट्ट्यात नोकरी शोधणाऱ्या बऱ्याच मुली याच तिठ्यावर उभ्या असतात.

पगाराचं आधी उरकते. माझ्या पाहण्यात सुरुवातीला प्लांट थोडा जास्त देतो. शिफ्ट अलाउन्स, कँटीन, बस हे धरलं तर आणखी बरं. पाच-सहा वर्षांत डिझाइनवाले गाठतात. त्या फरकावर निर्णय घेऊ नये.

दिवसाचा प्रवासही साधारण सारखाच. ट्रान्स हार्बरने रबाळेला उतरून शेअर रिक्षा, नाहीतर घणसोली किंवा कोपरखैरणेहून महापेची रिक्षा. जानेवारी 2024 मध्ये दिघा गाव स्टेशन सुरू झालं, त्याचा एमआयडीसीच्या त्या टोकाला जाणाऱ्यांना फायदा झाला. खरा फरक रात्री पडतो. बी शिफ्ट, म्हणजे दुपारची पाळी, रात्री अकराला सुटते. कंपनीची बस दारात सोडते की नाक्यावर, हे एचआरला स्पष्ट विचारायचं. आमची बस मला नाक्यावर सोडायची. तिथून घर दहा मिनिटांवर, आणि बाबा रोज स्कूटर घेऊन उभे. म्हणजे माझ्या शिफ्टसाठी आणखी एक माणूस बिनपगारी राबत होता.

आता प्लांटच्या त्या गोष्टी, ज्या ऑफर लेटरमध्ये लिहिलेल्या नसतात. पहिल्या दिवशी स्टोअरमध्ये सेफ्टी शूज मागितले. सर्वांत लहान बूट सात नंबरचा, माझा पाय पाचचा. दोन मोजे चढवून तीन महिने जिने चढले. अंगात एकसंध बॉयलर सूट, आणि लेडीज टॉयलेट अॅडमिन बिल्डिंगमध्ये, कंट्रोल रूमपासून सात मिनिटं. जायला सात, यायला सात, वर तो सूट खांद्यापासून उतरवायचा. तोवर डीसीएसवर, म्हणजे सगळा प्लांट चालवणाऱ्या कॉम्प्युटरच्या पडद्यांसमोर, कोण बसणार? मग मी पाणीच कमी प्यायला लागले आणि त्याचा हिशोब पुढे डॉक्टरकडे चुकता केला. 1948 च्या कारखाने कायद्यात स्वच्छतागृह सोयीच्या ठिकाणी आणि बायकांसाठी वेगळं असावं असं स्पष्ट लिहिलेलं होतं. ते सोयीचं आहे की नाही हे ठरवणाऱ्यांत त्या सुटातली बाई मात्र नव्हती. डिझाइन ऑफिसला हा ताप नाही. तिथे एसी जास्त असतो, ही तक्रार मी धरत नाही.

रात्रपाळीचं लोक अजून जुनंच धरून बसलेत. "फॅक्टरीत बायकांना संध्याकाळी सातनंतर परवानगी नाही" हे वाक्य त्या मुलीच्या वडिलांनीही टाकलं. एके काळी ते खरं होतं, त्याच 1948 च्या कायद्यात सातपासून सकाळी सहापर्यंत बंदी होती. महाराष्ट्राने 2015 मध्ये दुरुस्ती करून वाट मोकळी केली, आणि नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितेप्रमाणे बाईची संमती आणि सुरक्षेची व्यवस्था असेल तर तिला रात्री काम करता येतं. ऑफिसांना राज्याचा 2017 चा दुकाने व आस्थापना कायदा लागतो, तिथे रात्री साडेनऊनंतर संमती लागते. दोन्हीकडे शब्द संमतीचाच आहे. गंमत अशी की संमती घ्यायला आधी कोणीतरी विचारावं लागतं, आणि आमच्याकडे विचारायचेच नाहीत.

माझे शिफ्ट इनचार्ज अतिशय सज्जन गृहस्थ. वार्षिक शटडाऊन, म्हणजे दुरुस्तीसाठी प्लांट बंद ठेवायचा काळ, लागला की म्हणायचे, "मॅडम, तुम्ही दिवसा कामाची परमिट आणि कागद बघा, रात्रीचं आम्ही सांभाळतो." मलाही बरं वाटायचं. तीन शटडाऊन असे गेले. चौथ्या वर्षी अप्रेझलमध्ये शेरा आला की शटडाऊनचा अनुभव अपुरा, आणि माझ्यानंतर लागलेला मुलगा इनचार्ज झाला. पुढच्या शटडाऊनला एकाला कांजिण्या झाल्या म्हणून नाइलाजाने मला रात्री ठेवलं. कॉलमचा, म्हणजे द्रव उकळून वेगळे करणाऱ्या उंच टाकीचा, मॅनहोल उघडला, टॉर्च घेऊन आत शिरले, तर सातव्या ट्रेचे (आतल्या थाळीचे) निम्मे व्हॉल्व्ह गळून खालच्या ट्रेवर पडलेले. शुद्धता का घसरते म्हणून सहा महिने आम्ही नुसता रिफ्लक्स (वरून कॉलममध्ये परत सोडलेला द्रव) वाढवत होतो आणि स्टीम जाळत होतो. त्या एका रात्री मी जे शिकले ते तीन वर्षांच्या कागदांत नव्हतं. मुख्य म्हणजे रिपोर्टवर सही माझी होती. पुढल्या वर्षी कोणी मला दिवसाचे कागद दिले नाहीत.

डिझाइन ऑफिसात हेच घडतं, फक्त आवाज न करता. आमच्या प्रोसेस विभागात निम्म्या मुली आहेत, बाहेरून बघणाऱ्याला वाटेल इथे सगळं आलबेल आहे. पण लीड इंजिनियर कोण होतं? ज्याने गुजरातेत दहेजला किंवा जामनगरला चार-सहा महिने राहून कमिशनिंग केलंय, म्हणजे नवा प्लांट सुरू करून दिलाय, तो. आपण काढलेली पाइपलाइन साईटवर कुठे अडते, ऑपरेटर कोणता व्हॉल्व्ह हाताला लागत नाही म्हणून शिव्या घालतो, हे तिथेच कळतं. साईटला जाणाऱ्यांच्या यादीची मेल येते तेव्हा आपलं नाव त्यात नसतं, एवढंच. विचारलं तर उत्तर तयार: "तुला विचारणारच होतो, पण मुलगा लहान आहे ना तुझा." किंवा "साईटवर लेडीजची राहायची सोय नाही." सोय का नाही, हे कोणी विचारत नाही. प्लांटमध्ये निदान नकार तोंडावर मिळतो, भांडता येतं. ऑफिसात तो यादीतच विरघळलेला असतो. म्हणून मी तिला म्हटलं, दोन्ही कंपन्यांना धोरणाची पुस्तिका मागू नकोस. प्लांटला विचार, गेल्या शटडाऊनला रात्रीच्या रोस्टरवर किती मुली होत्या? ऑफिसला विचार, गेल्या दोन वर्षांत साईटवर कोण कोण गेलं?

बाळंतपणाची रजा दोन्हीकडे सारखीच. 2017 पासून पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवडे, त्याआधीच्या वर्षात 80 दिवस काम झालेलं हवं, आणि 50 किंवा जास्त माणसं असतील तर पाळणाघराची सोय. फरक परत आल्यावर जाणवतो, आणि तो माझ्या अपेक्षेच्या उलटा निघाला. प्लांटमध्ये सहा महिन्यांनी गेले तर तोच कॉलम, तेच पंप, तोच खडखडणारा ब्लोअर. आठवड्याभरात हात बसला. रात्रपाळी काही महिने सोडावी लागली, पण काम ओळखीचं होतं. दुसऱ्या वेळेला मी डिझाइनमध्ये होते. परत आले तेव्हा माझा प्रोजेक्ट दुसऱ्याच्या नावावर संपत आलेला आणि माझ्या वाट्याला एका मरणासन्न कामाची अॅज-बिल्ट ड्रॉइंग्ज, म्हणजे प्रत्यक्षात जे बांधलं गेलं त्याची चित्रं. नवा प्रोजेक्ट हातात यायला आठ महिने लागले. ज्यांना लवकरच घर-संसाराचा विचार करायचा आहे त्यांना सगळे जण ऑफिस सुचवतात. मी तेवढ्या ठामपणे सुचवणार नाही. हायब्रिडचे दोन दिवस मिळतात हे खरं, तान्हं मूल असताना ते सोन्याचे असतात हेही खरं.

लैंगिक छळाच्या तक्रार समितीबद्दल थोडक्यात. 2013 च्या कायद्याने दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तर अंतर्गत समिती लागतेच, अध्यक्ष बाई, किमान निम्म्या सदस्य बायका, एक जण बाहेरचा. तक्रारीला तीन महिन्यांची मुदत. कामाच्या निमित्ताने जिथे जाऊ ती जागा आणि कंपनीने दिलेलं वाहन, दोन्ही त्यात येतात. म्हणजे ग्राहकाची साईट आणि शिफ्टची बसही. समितीची नावं रिसेप्शनच्या भिंतीवर लावलीत की बायकांच्या लॉकर रूममध्ये, एवढं बघून घे.

आणखी एक, ज्याकडे मुली दुर्लक्ष करतात. प्लांटच्या अनुभवावर पुढे काही परीक्षा आणि पात्रता मिळतात: बॉयलर ऑपरेशन इंजिनियर, औद्योगिक सुरक्षेचा एडीआयएस डिप्लोमा करून सेफ्टी ऑफिसर, एनर्जी ऑडिटर. नोकरी बदलली तरी हे कागद आपल्याबरोबर येतात. डिझाइनमध्ये प्लांटची गणितं करणारं सॉफ्टवेअर येतं, हायसिस वगैरे, ते उपयोगी आहेच, पण ते ज्याला त्याला येतं. आणि प्लांटहून डिझाइनला येता येतं, मी आले. उलट दिशेने गेलेली माणसं मी फार पाहिली नाहीत.

तेव्हा माझं मत प्लांटकडे झुकतं, पहिल्या पाच वर्षांपुरतं. अट एकच, रोस्टरवर तिचं नाव रात्रीच्या रकान्यात येणार असेल तर. ते "दिवसा कागद बघा"वाले असतील तर सरळ महापे गाठावं आणि पहिल्याच महिन्यात साईटला जायची इच्छा मेलवर लिहून द्यावी. तोंडी सांगितलेलं नंतर कोणाला आठवत नाही.

तिने दोन्हीकडे मेल टाकली. प्लांटच्या एचआरचा फोन आला, "या, दाखवतो." ऑफिसचं उत्तर अजून यायचंय. शुक्रवारपर्यंत कळवायचंय, म्हणून उद्या दुपारी तीनला, शिफ्ट बदलायच्या वेळी, ती रबाळेच्या गेटसमोरच्या टपरीवर चहा घेत उभी राहणार आहे. हेल्मेट काखेत मारून किती मुली बाहेर येतात ते मोजायला.