जपानी बी2 की अमेरिकन वन-शीट?

जुन्या कल्ट सिनेमाचं परदेशी पोस्टर घ्यायचं तर मुंबईत पहिला प्रश्न भिंतीचा. 1980च्या आसपासची वन-शीट, म्हणजे अमेरिकन थिएटरांचं नेहमीच्या मापाचं पोस्टर, 27 × 41 इंच. जपानी बी2, म्हणजे तिथलं नेहमीच्या मापाचं सिनेमा-पोस्टर, 515 × 728 मिलिमीटर, म्हणजे जेमतेम 20 × 29 इंच. वन-रूम-किचनमध्ये ते दारामागेही मावतं.

वन-शीटची गोम घड्यांत. त्या काळी ती बहुतेक थिएटरांना घडी घालूनच जायची: तीन आडव्या, एक उभी. घड्या एकमेकींना छेदतात तिथे आधी शाई उडते, मग भोक पडतं. मागून सेलोटेप मारली की काही वर्षांत तिचा गोंद पिवळा होऊन पुढे उमटतो. त्याऐवजी जपानी टिश्यू (डागडुजीचा पातळ पण चिवट कागद) आणि गव्हाच्या स्टार्चची खळ वापरा. घड्या म्हणजे खोट नव्हे, उलट अस्सलपणाची खूणच. फक्त बोट फिरवून पाहा, नकलेत त्या बरेचदा नुसत्या छापलेल्या असतात. मग 10 पट भिंगाखाली तळाचा बारीक मजकूर बघा: अस्सल छपाईत अक्षरांच्या कडा सलग, स्कॅनवरून काढलेल्या नकलेत ठिपक्यांच्या.

बी2 बरेचदा बिनघडीचं मिळतं, पण कागद पातळ. कोपऱ्यांना टाचण्यांची भोकं आहेत का पाहा; हाताळणीच्या चंद्रकोरी चुण्या तर तिरप्या उजेडातच दिसतात. विक्रेत्याकडून तसाच फोटो मागवा.

आपल्या पावसाळ्यात दोन्ही फुगतात, काचेला चिकटतात. फ्रेममध्ये 3 ते 5 मिलिमीटरचा स्पेसर (काच आणि कागद वेगळे ठेवणारी पट्टी) हवाच, आणि ओल येणारी बाहेरची भिंत नको. पहिली खरेदी बी2च करावी. (चोर बाजारातल्या मटन स्ट्रीटवर हिंदी पोस्टरं शोधा, ही परदेशी बहुधा बाहेरूनच मागवावी लागतात.)